बारकीची तार : एका घरगुती सर्कशीच्या प्रकल्प नोंदी

१४ एप्रिल २०२४

सूनबाईनं आज निर्वाणीचं सांगितलं. "मामा, एक तर त्या पोरीला आवरा, नाहीतर तिला फेकायला काहीतरी करून द्या. घरात एक लिंबू धड राहिलं नाही."

जानेवारीत शहरात सर्कस आली होती. बारकीला मीच घेऊन गेलो, म्हणजे दोष माझाच. तेव्हापासून आधी कांदे, मग टोमॅटो (ते एकदाच), मग लिंबं. उन्हाळी सुट्टी लागलीय ती थेट मे-अखेरपर्यंत. तोवर हे घर टिकायचं नाही.

बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात लेथवर एकतीस वर्षं काढली. तिथं प्रत्येक जॉबची वही असायची : माप, तारीख, काय चुकलं, कुणामुळं चुकलं. ही वही त्याच पद्धतीनं. गिऱ्हाईक : नात, वय ९, वजन २८ किलो. मागणी : "सर्कस पाहिजे."

सर्कशीत सगळ्यात काय आवडलं म्हणून विचारलं. झुला म्हणेल असं मी धरून चाललो होतो. म्हणाली, "जोकर टोपी उचलायला वाकतो आणि त्याच्याच पायानं टोपी पुढं जाते, ते." हे काही करून देण्यासारखं काम नव्हे. वहीत दोनच जॉब धरले : झेलायचे चेंडू आणि चालायची तार.

१६ एप्रिल

चेंडू तयार. कृती सोपी आहे. जोंधळे पातळ पिशवीत भरायचे, गाठ मारून पिशवीचा जादा भाग कापायचा, वर तोंड कापलेले चार फुगे एकावर एक, दर वेळी भोक उलट्या बाजूला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन भरलं : ११८, १२१, १२०. तीन ग्रॅमचा फरक मला बघवेना. सोडून परत बांधले. १२०, १२०, १२०. सूनबाई म्हणाली, "सोनं भरलंय काय आत?"

रबरी चेंडू मुद्दाम घेतला नाही. तो पडला की उडतो आणि गटारापर्यंत पळवतो. जोंधळ्याचा चेंडू पडला की धप्प करून तिथंच बसतो. शिकाऊ माणसाला हाच बरा.

२१ एप्रिल

तीन चेंडू गोल फिरतात असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. तसं नसतं. उजव्या हातातला चेंडू डावीकडं जातो, डावीकडचा उजवीकडं, दोघांच्या वाटा मधे एकमेकींना छेदतात. आडवा पाडलेला इंग्रजी आठ बघा, तसं. पहिला चेंडू माथ्याला पोचला की दुसरा त्याच्या खालून सोडायचा. माथा कुठं? डोळ्याच्या किंचित वर.

बारकीची चूक सगळ्या नवशिक्यांची असते तीच. पहिला चेंडू फेकते आणि दुसरा फेकायच्या ऐवजी हातातून हातात सरकवते. म्हणून तिसरा काढून घेतला. दोनच चेंडू आणि तोंडानं ठेका : फेक, फेक, झेल, झेल. उभं राहायचं पलंगासमोर, म्हणजे पडलेला चेंडू उचलायला कमरेत मोडावं लागत नाही आणि चेंडूंच्या मागं पुढं धावत सुटायलाही जागा नाही.

दाराच्या चौकटीवर खडूनं माप आखून दिलं. हातापासून पंचेचाळीस सेंटीमीटर वर फेकलं तर चेंडू परत यायला ०.६ सेकंद लागतात. वीसच सेंटीमीटर फेकलं तर ०.४. ही खाली फेकते. भ्यालेला माणूस खाली फेकतो, खाली फेकला की वेळ कमी मिळतो, वेळ कमी मिळाला की आणखी भितो. लेथवरची नवी पोरंही अशीच, भ्यायली की टूल घाईनं आत घालतात.

दोन चेंडू : सलग १४. तीन चेंडू : सलग ३.

७ मे

मतदान. वर्कशॉप बंद, बोटाला शाई. दिवसभर परसात बसून तारेचा नकाशा काढला. लांबी ३.६ मीटर, उंची जमिनीपासून ४५ सेंटीमीटर, म्हणजे तिच्या गुडघ्याच्या जरा वर. चार सुती (अर्धा इंची) वायर रोप, एका टोकाला टर्नबकल, म्हणजे तार ताणायचा स्क्रू. सूनबाईची अट : खाली गादी. माझी अट : गादी जुनी.

तीन चेंडू : सलग ९.

१२ मे

शिवजयंतीची मिरवणूक. रात्रभर जागरण, त्यामुळं आज काम शून्य. आमच्या गल्लीच्या चित्ररथावर बारकीला मावळ्याचं काम होतं. चौकात ट्रॅक्टर थांबला, लाऊडस्पीकरवर संवाद सुरू झाले की तलवार उगारून उभं राहायचं, हलायचं नाही. सहा चौकांत तीन वेळा तिची मिशी पडली. एकदा तर तिनं ती उलटी चिकटवली आणि पुढच्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. कार्यकर्ते चिडले. मी त्यांना म्हटलं, डिंक हलका आहे, पोरीची काय चूक?

१९ मे

तार फसली. सविस्तर लिहितो, कारण ही माझी चूक.

दोन खांब, त्यांवरून तार, दोन्ही टोकं जमिनीत ठोकलेल्या दोन फुटी खुंट्यांना. पोर अठ्ठावीस किलोची, खुंट्या दीड इंची पाइपच्या, मग बघायचं काय? ती तारेवर चढली, दोन पावलं टाकली, तिसऱ्याला डावी खुंटी दातासारखी उपटून आली. बारकी गादीवर बसली. लागलं काही नाही. उठून म्हणाली, "आज्जा, परत."

परत कसलं. संध्याकाळी गणित मांडलं ते सकाळी मांडायला पाहिजे होतं. तारेच्या मध्यावर वजन उभं राहिलं की ओढ वजनाइतकी नसते. वजन गुणिले लांबी, भागिले झोळाच्या चौपट. झोळ म्हणजे तार मधे जितकी खाली दबते ते. अठ्ठावीस किलो, ३.६ मीटर, झोळ पाच सेंटीमीटर : ५०४ किलो. पाचशे! एका पोरीच्या पायाखाली प्रत्येक टोकाला अर्धा टन. झोळ दोन सेंटीमीटरवर आणला तर साडेबाराशेच्या पुढं. तार जितकी ताठ, तितकी टोकं बोंबलतात. कपडे वाळत घालायची दोरी कधीच पूर्ण ताठ का होत नाही, ते वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं.

२६ मे

नवा नकाशा. खुंट्याच काढून टाकल्या. दोन्ही खांबांच्या मधे जमिनीलगत दोन इंची पाइप टाकला आणि प्रत्येक खांबाला आतून तिरपा टेकू दिला. आता तार खांबांना आत ओढते आणि तळाचा पाइप त्यांना बाहेर रेटतो. जमिनीला कुणी काही मागत नाही. हा सांगाडा अंगणात ठेवा, गच्चीवर ठेवा, सारखाच. बाजूला कलंडू नये म्हणून दोन्ही टोकांना आडवे पाय.

वेल्डिंग शेजारच्या शेडमधल्या गड्यानं केलं. तो बैलहोंगलकडचा, कानडी बोलणारा, मला टर्नर अज्जा म्हणतो. पैसे विचारले तर म्हणाला, "मोम्मगळिगे रोक्क तगोळ्ळूद?" नातीच्या कामाला पैसे घेतात काय, असा त्याचा अर्थ. वर स्वतः तारेवर उभा राहून बघितलं. ऐंशी किलोचा माणूस. सांगाडा हलला नाही.

दोराची टोकं आवळायचे क्लॅम्प मात्र माझे मी लावले, तीन-तीन. यू-बोल्टची चाप दोराच्या मेल्या, म्हणजे वळवून आणलेल्या मोकळ्या टोकावर आणि खोबणीची बैठक जित्या, म्हणजे ओढ घेणाऱ्या दोरावर. उलटं लावलं की चाप जित्या दोराला चावते आणि तो तिथंच कमजोर होतो. कित्येक ठिकाणी उलटे लावलेले बघितलेत, लिफ्टलासुद्धा. असो.

एक उणीव. टेम्पोत घालता यावं म्हणून खांब दुमडते केले, बुडाशी पिन. पिन सोळा मिलिमीटर, भोक साडेसोळा. अर्धा मिलिमीटर ढिलाई. तारेवर पहिलं पाऊल पडलं की डावा खांब कुंईई करतो. बुश, म्हणजे ढिलाई भरून काढणारी नळी, बसवायचा आहे.

९ जून

शाळा सुरू झाली. आता फक्त संध्याकाळी.

पायाखाली बघायचं नाही, हे तिला पटायला पंधरवडा गेला. नजर पलीकडच्या खांबाच्या डोक्यावर, तिथं मी लाल टेप लावलीय. तार तळव्याच्या मधून, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या फटीत. गुडघे सैल. तोल गेला की कमरेतून वाकायचं नाही, हात हलवायचे.

आज पहिल्यांदा पूर्ण पार. मी टाळी वाजवली, सूनबाईनं खिडकीतून वाजवली. बारकी खाली उतरली आणि पाणी प्यायला निघून गेली. मला जरा चुटपुट लागली. दोन महिन्यांचं काम, आणि पोरीच्या तोंडावर काही नाही.

३० जून

बेळगावचा पाऊस. परस बंद, तार गोठ्याच्या रिकाम्या शेडमध्ये आत घेतली. म्हैस विकल्यापासून ती जागा नुसतीच होती.

कपाटातून वास यायला लागला म्हणून शोधलं तर चेंडू. एका फुग्याला चीर, जोंधळे भिजून मोड आलेले. नवीन चेंडू : टेनिस बॉल. रिकामा साधारण ५८ ग्रॅम भरतो. सुरीनं चीर पाडून आत फाउंड्रीतल्या शॉट ब्लास्टिंगचे (ओतीव माल साफ करायचे) बारीक छर्रे, कापूस कोंबून चीर शिवली. तिन्ही १२० ग्रॅमवर. दिसायलाही चांगले. सलग २२.

१४ जुलै

आज तार राहू दे, दुसरंच लिहितो.

दुपारी गल्लीतले एक जण छत्री मिटवत आले, चहा घेतला, शेडमध्ये डोकावले आणि म्हणाले, "काय अण्णा, नातीला डोंबारी करणार काय?" हसतच म्हणाले. मीही हसलो. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

मी बारकीएवढा असताना अनगोळात डोंबारी यायचे. कात्रीसारखे बांबू, मधे दोर, बाप ढोलकी वाजवतोय आणि पोर डोक्यावर घागरी घेऊन हातात काठी धरून दोरावर. आमच्याहून लहान होती ती. तिनं एकदाही आमच्याकडं बघितलं नाही, नजर दोराच्या टोकावर. मग खाली उतरून थाळी घेऊन फिरली, तेव्हाही नाही. आमच्या आईनं भाकरी दिली होती. ती पोर शिकली ती पोटासाठी आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. बारकीच्या पायाखाली गादी आहे. दोन्ही तारा सारख्या म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि डोंबाऱ्याचं नाव शिवीसारखं वापरलेलंही सहन होत नाही. त्या पोरीला जे येत होतं ते मला लोखंड, वेल्डर आणि गणित घेऊन तीन महिन्यांत कसंबसं उभं करता आलं.

शेजाऱ्यांना एवढंच म्हटलं की सर्कशीत आता पोरं कामाला ठेवताच येत नाहीत. सुप्रीम कोर्टानं २०११ सालीच त्यावर आदेश दिलेत. वाघ-सिंह त्याच्याही आधी गेले. उरली ती मोठी माणसं आणि त्यांचं अंग.

संध्याकाळी वाचनालयातून आणलेलं चाळत बसलो. आपल्याकडं देशी सर्कस पहिल्यांदा काढली ती आपल्याच बाजूच्या माणसानं, विष्णुपंत छत्रे, सांगलीकडच्या अंकलखोपचे. इटालियन सर्कस बघितली आणि जिद्दीनं स्वतःची उभी केली, पहिला खेळ मुंबईत २० मार्च १८८० ला. पुढं म्हैसाळच्या देवलांचीही सर्कस झाली. आणि त्याच १८८० मध्ये, ३१ ऑक्टोबरला, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल'. अण्णासाहेब जन्मले गुर्लहोसूरला, आपल्याच जिल्ह्यात. एकाच वर्षी तंबू आणि नाटक दोन्ही. बारकीला हे सांगितलं. तिनं एकच विचारलं, "त्यात जोकर होता काय?"

म्हटलं, नाटकात विदूषक असतो. शाकुंतलात राजाचा मित्रच विदूषक. सांगलीच्या विष्णुदास भाव्यांच्या खेळात तर तो झाडपाला गुंडाळून यायचा. "झाडपाला?" म्हणाली, आणि बराच वेळ गप्प बसली. तिचं गप्प बसणं मला आवडत नाही, त्यातून कायतरी निघतं.

४ ऑगस्ट

काठी. बांबू सात फुटी, दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा किलो शिसं. काठी तोल सांभाळते म्हणजे नेमकं काय करते, हे तिला फ्लायव्हील, म्हणजे मशीनचं जड चाक, दाखवून सांगितलं. वजन मध्यापासून लांब असलं की ते फिरायला आळस करतं. तू डावीकडं झुकायला लागलीस तर काठी म्हणते थांब जरा. त्या जरामध्ये सावरून घ्यायचं.

सलग पाच फेऱ्या, एकही पाऊल चुकलं नाही. चेंडू सलग ३१. माझ्या हिशेबानं जॉब जवळजवळ पूर्ण. बुश तेवढा राहिला.

१९ ऑगस्ट

राखी. लेक-जावई आले, त्यांची पोरं, माझी बहीण, मिळून चौदा माणसं. जेवणं झाल्यावर सूनबाई म्हणाली, दाखव की तुझं. सोप्यात सगळे पाय दुमडून बसले. बारकी मधे उभी राहिली, चेंडू घेतले. मी मनात मोजायला लागलो. सातव्याला चेंडू सुटला.

टेनिसचा चेंडू. टप्पा घेतला, माझ्या बहिणीच्या मांडीवरून गेला, पलंगाखाली. मी पुढं झालो, परत सुरुवात कर म्हणणार होतो. बारकी हललीच नाही. पलंगाकडं बघितलं. मग माणसांकडं बघितलं. एकेकाकडं, सावकाश. हातातले दोन चेंडू तसेच धरलेले. कुणीतरी खुदकन हसलं. मग तिनं परत पलंगाकडं बघितलं, जणू पलंगानं चेंडू मुद्दाम घेतलाय, आणि दोन बोटांनी त्याला खुणावलं. "दे."

सगळे फुटले. माझी बहीण, जिला मी गेल्या दहा वर्षांत हसताना बघितलं नाही, ती डोळे पुसत होती. बारकी पलंगाखाली गेली ती चेंडू न घेता चप्पल घेऊन बाहेर आली. दोन चेंडू आणि एक चप्पल. अर्थात पुढचं काही झेलता आलं नाही, आणि कुणाला त्याची पडली नव्हती.

मला होती. रात्री म्हटलं, "बारके, काल एकतीस झेललेस. आज सातव्यालाच सोडलास."

"सोडला नाही आज्जा, पडला."

"मग परत का नाही सुरू केलंस?"

"झेलताना सगळे चेंडूकडं बघालते. पडल्यावर माझ्याकडं बघाय लागले."

९ जूनला तार पार करून पोरगी पाणी प्यायला का गेली, ते आज उलगडलं. तिथं तिला बघायला होतं कोण? एक म्हातारा, तोही तिच्या पायांकडं बघत होता.

मिशीच्या डिंकाबद्दलची नोंद मी मागं घेतो.

२० ऑगस्ट

गिऱ्हाईकानं मागणी बदलली. जशीच्या तशी उतरवून घेतली :

एक, टेनिसचे चेंडू नकोत. जोंधळ्याचेच पाहिजेत, कारण पडले की धप्प वाजतात आणि तिथंच थांबतात. टेनिसचा पळून जातो, मग लोक चेंडूच्या मागं जातात.

दोन, काठी नको. मोडकी छत्री पाहिजे.

तीन, कुंईई काढायचं नाही.

तिसरी मागणी ऐकून मी पाच मिनिटं बोललो नाही. बुश कालच फिरवून ठेवला होता. फॉस्फर ब्राँझ, आतलं माप शून्य पॉइंट शून्य दोन मिलिमीटरच्या फरकात. आयुष्यभर जो आवाज घालवायचे पैसे घेतले, तो ठेवायला सांगते ही पोर. "मी पाय ठेवला की ते ओरडतं. मग मी पाय काढते. मग गप्प बसतं. ते माझ्याशी बोलालतंय आज्जा."

बुश डब्यात टाकला.

१ सप्टेंबर

तालीम. माझं काम आता लोखंडाचं उरलं नाही. मी प्रेक्षक. खुर्ची टाकून बसायचं आणि हसू आलं तरच हसायचं, ही सक्त ताकीद. काल उगाच हसलो तर म्हणाली, "खोटं हसलास. आता परत करावं लागणार."

किती थांबायचं यावर ती ज्या बारकाईनं काम करते, तितकं मी मायक्रोमीटरवर केलं असेल-नसेल. पाय ठेवायचा, कुंईई. थांबायचं. लोकांकडं बघायचं. फार लवकर बघितलं तर हसू येत नाही, उशिरा बघितलं तर लोक कंटाळतात. मधे एक जागा आहे. मी घड्याळ लावून मोजायला गेलो, म्हणाली घड्याळ नको, रोज वेगळं असतंय.

आणि हे लिहून ठेवतो : तारेवरून पडल्यासारखं करायचं तर न पडता चालता यावं लागतं. जो झोका ती मुद्दाम घेते, तो चुकून गेला तर सावरायला उन्हाळ्यातले ते दोन महिने लागतात. माझं काम अगदीच वाया गेलं नाही म्हणायचं.

शाळेत प्रतिभा कारंजीसाठी, म्हणजे शाळांच्या कलास्पर्धांसाठी, नावं घ्यायला सुरुवात झालीय. यादीत मातीकाम आहे, पाठांतर आहे, छद्मवेष म्हणजे वेशभूषा आहे. हिचं कशातच बसेना. टीचर म्हणाल्या, छद्मवेषात घालूया, राणी चन्नम्मा हो. बारकीनं विचारलं, चन्नम्मा तारेवर चढली तर चालेल काय? टीचर हसल्या. खरंच हसल्या, असं बारकीचं म्हणणं.

११ सप्टेंबर

गल्लीच्या गणपतीपुढं, रात्री नऊ. आधी लहान गटाचा नाच, नंतर संगीत खुर्ची, मधली पंधरा मिनिटं आमची.

सांगाडा दुपारीच हातगाडीवरून नेला. वेल्डर आला होता, सहकुटुंब, नवा शर्ट. मी गादी आणायला घरी गेलो. तेवढ्यात त्यानं काय केलं असेल? पोरीचा खेळ, पहिलाच, आणि खांब करकरतोय. बिचाऱ्यानं डब्यातलं ग्रीस आणून दोन्ही पिना गच्च भरल्या. मला सांगितलंही अभिमानानं, पण तेव्हा बारकी मंडपात शिरली होती. डोक्यावर माझी जुनी टोपी, गळ्यात आंब्याचा डहाळा. झाडपाला म्हणजे तो.

चेंडू झाले. धप्प झालं, दोनदा. पोरं आताच खिदळायला लागली होती. मोडकी छत्री घेऊन ती तारेकडं गेली. उजवा पाय उचलला, तारेवर ठेवला.

आवाज नाही.

पाय काढला. परत ठेवला. काही नाही. मंडपात दीडशे माणसं, नुसता पंख्याचा आवाज. माझ्या घशाला कोरड. सगळा खेळ त्या आवाजावर बांधलेला, पुढची पाच मिनिटं ती खांबाशी भांडणार होती आणि खांब आज बोलायलाच तयार नाही.

बारकी वाकली. खांबाला कान लावला. उठून आमच्याकडं बघितलं. छत्रीच्या दांड्यानं खांबाला हळूच टोचलं. काही नाही. मग अगदी सावकाश पाय तारेवर ठेवला आणि पाय टेकताच तोंडानं काढला : "कुंईईई."

आणि दचकून खांबाकडं बघितलं.

पहिल्यांदा हसली ती वेल्डरची बायको. मराठी तिला फारसं येत नाही, इथं तरी बोलणं कुठं होतं? मग मागची पोरं, मग खुर्च्यांवरचे बाप्ये. दर पावलाला कुंईई, प्रत्येक वेगळा. तारेच्या मध्यावर पोचल्यावर तिनं आवाज काढलाच नाही, पाय हवेत धरून थांबली, आणि समोरच्या दोन ओळींतल्या पोरांनीच तो काढून दिला. तेव्हा तिचा चेहरा मी बघितला. आज पायांकडं बघायचं विसरलो होतो.

शेवटी पलीकडं उतरताना खरोखरीच घसरली. गादीवर बसली. लोकांना तो खेळच वाटला. घरी आल्यावर ढोपर दाखवलं, हळद लावली.

वेल्डर दोन्ही हात वर करून "छलो ऐत्री, छलो ऐत!" म्हणजे छान आहे, छान आहे, असं ओरडत होता. ग्रीसचं त्याला सांगितलं नाही. सांगणारही नाही.

डोंबारी म्हणणारे शेजारी नारळ घेऊन आले होते. नारळ बारकीच्या हातात दिला आणि काही न बोलता गेले. त्यांना बोलायचं होतं, असं वाटलं. मलाही होतं.

१२ सप्टेंबर

सांगाडा धुऊन आत. टर्नबकलच्या आट्यांत गुलाल. वायर रोपचा एक धागा तुटलेला, मध्यापासून वीतभर डावीकडं. तार बदलायची, जोड द्यायचा नाही. पायाला तुस लागतं ते वेगळं.

२२ सप्टेंबर

पिना काढून रॉकेलनं धुतल्या, कोरड्या केल्या. डावा खांब परत बोलायला लागला.

नवी मागणी आलीय. उजवा खांबही बोलला पाहिजे. पण वेगळ्या आवाजात, जाड. "एक आज्जा आणि एक आज्जी," म्हणाली. आज्जी जाऊन सहा वर्षं झाली, बारकीला ती आठवत असेल असं वाटलं नव्हतं. आज्जीचा आवाज जाड होता, ते बरोबर.

उजवीकडं सतरा मिलिमीटरचं भोक आणि मधे तांब्याचा वॉशर घालून बघितला : आवाज नाही. लोखंडी वॉशर : नुसती खरखर. चामड्याचा घातला तेव्हा ओला असताना काहीतरी निघालं, वाळल्यावर गेलं. उद्या जुन्या मोटेच्या चामड्याचा तुकडा मिळतो काय ते वडगावात बघून येतो.